कुलूपबंद गाऱ्हाणी

निळू,

काल डिचोलीला तुझा बारावा झाला. पंगत उठली, तुझ्या आईला दोघींनी धरून आत नेलं, आणि मी बाहेर ओसरीवर, बाल्कांवात, खुर्ची ओढून बसून राहिलो. येणारा-जाणारा सांगत होता, पुजारीकाका, भाचा सोन्यासारखा होता हो तुमचा. मी मान डोलावत होतो. खरं सांगायचं तर मला अजून रडू आलेलं नाही. मला भीती वाटते आहे. तू गेलास ते होऊन गेलं, ते आता कोणाच्या हातात नाही. पण जे अजून व्हायचं आहे ते माहीत असलेली माणसं आपण दोघंच होतो, आणि त्यातला मी एकटा उरलो.

तू असतास तर म्हणाला असतास, "आदीं रड मरे मामा, मागीर भिये." आधी रडून घे, मग घाबर. आणि पुन्हा फोनमध्ये डोकं घातलं असतंस.

तुयेच्या औषधांच्या कारखान्यात तुला कंप्युटरची नोकरी लागली तेव्हा तू पेडण्यात माझ्याकडे राहायला आलास. मनीषा डिचोलीच्या शाळेत शिकवायची, म्हणून तू सोमवार ते शनिवार माझा नि रविवारी तुझ्या बायकोचा. तुझी मामी गेल्यानंतर या घरात दुसरं ताट तुझंच. सकाळी पाववाल्या पोदेराचा भोंपू वाजला की उंडे तू आणायचास, आणि त्यातला करपलेला न चुकता माझ्या बशीत ठेवायचास. मी ओरडलो की म्हणायचास, तुला चावायला दिवसभर वेळ आहे, मला पाळी गाठायची आहे. असा आगाऊ माणूस. मी तुला कधी सांगितलं नाही, पण तू येण्याआधी मी सकाळचा चहासुद्धा उभ्याउभ्याच पीत असे.

आपल्या घराण्याचं काम तुला लहानपणापासून ठाऊक. रवळनाथाच्या मूर्तीला ओल्या कळ्या चिकटवायच्या, ज्याचं त्याचं गाऱ्हाणं देवापुढे मांडायचं आणि वाट बघायची. उजवीकडची कळी पडली तर हो, डावीकडची पडली तर नाही. लोक लग्न विचारतात, जमीन विचारतात, आजार विचारतात. ज्याला चारचौघांत बोलायचं नसतं तो माझ्या कानात सांगतो आणि मी ते मनातल्या मनात देवाला सांगतो. माझ्याआधी माझा बाप, म्हणजे तुझा आजा, त्याच्याआधी त्याचा बाप. आम्ही आयुष्यभर ऐकलं आणि गिळलं. तुझा आजा शेवटच्या आठवड्यात भ्रमात काहीबाही बडबडायचा, पण त्यातही कोणाचं गाऱ्हाणं त्याच्या तोंडून बाहेर पडलं नाही. मी उशाशी बसलेला होतो, म्हणून सांगतो.

पण गाव आता गावात राहत नाही. कोणी वास्कोहून बोटीवर चढतो, कोणी आखातात, कोणी लिस्बनला. त्यांना कौल हवा असला की त्यांचे फोन यायचे. बोटीवरच्या माणसाला वाटतं, आपण इतके लांब आहोत म्हणजे ओरडलंच पाहिजे. एकदा एकाने आपल्या घरातली गोष्ट इतक्या जोरात विचारली की सभामंडपात फुलं निवडत बसलेल्या बायका परडी तशीच टाकून उठून गेल्या. त्या दिवशी तू खांबाला टेकून बसला होतास. घरी आल्यावर म्हणालास, "हें बंद कर, मामा. हांव तुका एक पेटी करून दितां."

ती पेटी म्हणजे फोनवर उघडायचं एक पान. लोकांनी त्यावर गाऱ्हाणं लिहायचं, आणि पाठवताक्षणी ते कुलूपबंद होऊन पाकिटासारखं पेटीत पडायचं. कुलूप कसलं ते तू मला मेजावर उंड्याचे तुकडे मांडून शिकवलंस. कुलूप सगळ्यांना वाटून टाकायचं, कोणीही लावावं. किल्ली मात्र एकच, ती माझ्या खिशातल्या पेन ड्राइव्हमध्ये. कुलपाच्या पोटात दोन भलेमोठे आकडे एकमेकांशी गुणलेले. गुणाकार साऱ्या जगाला दिसतो, पण त्यावरून ते दोन आकडे हुडकून काढायचे म्हटलं तर आजच्या कंप्युटरला युगं लागतील. मी विचारलं, माझ्या बापापेक्षा पक्कं? तू छाती काढून म्हणालास, "आज्यापरस घट्ट!"

मी किल्ली लावून वाचायला लागलो की तू खुर्ची फिरवून जनेलातून बाहेर बघत बसायचास. एकदाही वळून बघितलं नाहीस. तेव्हा मी थट्टेने म्हणायचो की पुजाऱ्याचं रक्त आहे, जाईल कुठे. आज ती तुझी पाठ आठवते.

पण आपलं भांडण झालं ते पहिल्याच दिवशी, आणि ते अजून मिटलेलं नाही. तू म्हणालास, पानावर नाव नको. नुसता प्रश्न असला की पुरे. "नांवां कित्याक जाय, मामा? देवाक खबर ना, कोण विचारता तें?" मी भडकलो. कौल असा लागत नाही. गाऱ्हाणं घालताना माणसाचं नाव, घर, वाडा, सगळं उच्चारावं लागतं, आणि विचारायचं ते काही न राखता, पूर्ण. "नाव-घर कळल्याबगर मी कळी लावूचंय नाय," मी म्हणालो. तू दोन दिवस माझ्याशी बोलला नाहीस. तिसऱ्या दिवशी मला हवं तसं पान केलंस. वरच ठळक लिहिलं होतं, आपलं नाव, घर आणि जे खरं असेल ते पूर्ण लिहावे. ते वाक्य माझं. तू नुसतं टाइप केलंस.

लोकांनी लिहिलं. बापरे, काय लिहिलं! कानात सांगताना माणूस पुजाऱ्याच्या तोंडाकडे बघून थोडं गिळतो. पानाला तोंड नव्हतं. काही गाऱ्हाणी वाचून झाल्यावर मी विहिरीवर जाऊन पाय धुवायचो आणि मगच गाभाऱ्यात शिरायचो. आणि प्रत्येकाच्या खाली नाव, घर, वाडा, मी सांगितलं तस्सं.

मग एका दुपारी तू पहिली पाळी संपवून तुयेहून थेट देवळात आलास. हेल्मेटसुद्धा काढलं नव्हतंस. पेटी इंटरनेटवर जिथे भाड्याच्या जागेत ठेवलेली होती तिथे कोणीतरी शिरलं होतं आणि सगळ्याची नक्कल करून घेऊन गेलं होतं. आपल्या एकट्याच्याच नाही, तिथे ज्याचं ज्याचं काही होतं त्या सगळ्याची. कोण, कुठला, कळायला मार्ग नाही. मी खिशातला पेन ड्राइव्ह चाचपला. तू मात्र हसलास. "बंद पेटी व्हेली, मामा. उगडूंक शंभर जल्म लागतले." तरी त्याच दिवशी तू ती बंद केलीस, लोकांना कळवलंस की यापुढे समक्ष या, आणि चोरीचं कोणाला सांगायचं नाही असं आपण दोघांनी ठरवलं. ठरवताना तिसऱ्यांचं सुकं जेवत होतो. मी दोनदा वाढून घेतलं.

त्याला वर्ष होऊन गेल्यावर एका संध्याकाळी तू जेवलाच नाहीस. कारखान्यात बाहेरचा कोणी माणूस समजावायला आला होता. नव्या तऱ्हेचे कंप्युटर येताहेत, क्वांटम म्हणतात त्यांना. मला काही उमजेना तेव्हा तू कळ्यांवर आलास. पडण्याआधी कळी उजवी की डावी? दोन्ही, असं धरून चाल, म्हणालास. मी म्हणालो, असलं यंत्र मिळालं तर देवाला पेन्शन द्यायला हरकत नाही. तू हसला नाहीस. तू माझ्या विनोदाला हसला नाहीस तेव्हाच मला पहिल्यांदा खरी भीती वाटली.

मग तू सावकाश सांगितलंस. हे यंत्र सगळी उत्तरं एकदम तपासतं असं लोकांना वाटतं, पण तसं नाही. ते चुकीच्या उत्तरांना आपापसात लढवून मारतं आणि बरोबर असलेलं वर येतं. मला एवढंच कळलं. आज ही यंत्रं अर्धीकच्ची आहेत. पुरेशी मोठी कधी होतील यावर कोणाचं एकमत नाही. कोणी म्हणतं दहा वर्षं, कोणी म्हणतं पुष्कळ जास्त, कोणी म्हणतं होणारच नाहीत. पण झाली, तर आपलं ते दोन आकड्यांचं कुलूप त्यांच्यापुढे टिकणार नाही. आणि म्हणूनच काही लोक आतापासून बंद पेट्या पळवून ठेवतात. आज उघडत नाहीत, नुसत्या ठेवून देतात आणि वाट बघतात.

"नवी कुलपां नाय काय?" मी विचारलं.

"आसात. फॅक्ट्रींत आमी तींच घालतात. पूण तीं फुडल्या पेटयांक. गेल्ली पेटी खंय आसा म्हूण तिका कुलूप घालतलो?"

तुझं म्हणणं होतं, लोकांना आत्ता सांगूया. जे काही दिवस हातात असतील ते त्यांचे आहेत. कोणाला बायकोला सांगायचं असेल, कोणाला भावाला, त्यांनी आपल्या तोंडाने सांगावं. परक्याने उघडं करण्याआधी आपण केलेलं बरं. मी म्हणालो, तोंड मिटून बस. देवळाची अब्रू आहे, माझ्या बापाची आहे. आणि तोवर माझी हाडं नदीत वाहून गेलेली असतील. त्यावर तू इतका शांत बोललास की मला ते ओरडण्यापेक्षा जास्त लागलं. "तुजीं व्हांवतलीं, मामा. तांचीं?"

मी म्हणालो, देवाला विचारतो. तू मान हलवलीस. "जें तुका करूंक नाका, तेंच तूं देवाक विचारता." करायचं नसतं तेच म्हणे मी देवाला विचारतो.

तरी मी विचारलं. सकाळी अंघोळ करून कळ्या लावल्या आणि डावी पडली. सांगू नको. मी जिंकल्यासारखा घरी आलो. तू बूट घालत होतास. मान वर न करता विचारलंस, "पुराय गाराणें घालें? तुजें नांव, तुजी चूक, सगळें?" मी देवाला नुसतं एवढंच विचारलं होतं की लोकांना सांगावं की नाही. पेटी गेली, नावं मी लिहायला लावली, यातलं काही मी उच्चारलं नव्हतं. आयुष्यभर दुसऱ्यांकडून पूर्ण सत्य मागणारा मी, माझं अर्धंच ठेवून आलो होतो. तू बुटाची नाडी बांधलीस आणि निघून गेलास. त्या विषयावर आपण पुन्हा बोललो नाही. मला बोलायचं होतं रे. तुझं खरं आहे, एवढे तीन शब्द होते. रोज वाटायचं, रविवार जाऊ दे. मग तू कारखान्याच्या गेटवर कोसळलास आणि मला फोन आला.

तेव्हापासून मला माणसांची भीती वाटते. मारतील म्हणून नाही. देवळात कोणी हसून नमस्कार केला की मला त्याचं गाऱ्हाणं आठवतं, नि त्याच्या मागे एक न दिसणारा माणूस बसलेला दिसतो, ज्याच्याकडे तेच गाऱ्हाणं बंद पडून आहे. तो म्हातारा होत नाही, कंटाळत नाही. पेटी मांडीवर घेऊन बसला आहे. काल तुझ्या पंगतीत असे पाच जण होते. त्यातली एक बाई इथलीच, डिचोलीची. तिने काय विचारलं होतं ते मी इथेही लिहिणार नाही. एवढंच, की गाऱ्हाणं तिच्या मुलीबद्दल होतं आणि ते मुलीच्या सासरी फोंड्याला कळलं तर मुलगी दुसऱ्या दिवशी बॅग घेऊन दारात उभी राहील. जावई तिच्याच शेजारी जेवायला बसला होता आणि ती त्याला आग्रहाने आणखी खतखतं वाढायला सांगत होती.

मी कळ्या लावल्या नाहीत. देवाला विचारलं नाही. पंगत उठल्यावर तिला परसातल्या विहिरीजवळ गाठलं आणि सांगितलं. पेटी, चोरी, नवी यंत्रं, सगळं. शब्द सुचत नव्हते, क्वांटम हा शब्द तर मी दोनदा चुकीचा म्हटला. पदर हातात धरून ती ऐकत होती. शेवटी म्हणाली, "काका, नांव घाल म्हूण कोणें सांगिल्लें?"

"मी," मी म्हणालो.

तिने पदराने तोंड पुसलं. किती वर्षं आहेत, तिने विचारलं. मला ठाऊक नाही, असं मी खरं ते सांगितलं. तिने विहिरीच्या कठड्यावर हात ठेवला. मग स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली, "चलयेनच सांगूंक जाय ताका. हांवें न्हय." मुलीनेच नवऱ्याला सांगितलं पाहिजे, मी नाही. आणि माझ्याकडे न बघता आत निघून गेली. तिने मला शिव्या दिल्या असत्या तर मी आज जरा बरा असतो. निळू, तुझं खरं होतं. आता सांगतोय, ज्याला ऐकायला पाहिजे तो गेल्यावर.

मनीषाला यातलं काहीच माहीत नव्हतं. आज सकाळी तिलाही सांगितलं. मला वाटलं, म्हणेल की मामा, माझ्या नवऱ्याचं नाव यात ओढू नका, त्याला जाऊन बारा दिवस झालेत. ती उठली आणि तुझा लॅपटॉप घेऊन आली. पेटीची तुझी प्रत त्यात होती. पाकिटं बंद, पण कौल कळवता यावा म्हणून प्रत्येकावर पाठवणाऱ्याचा फोन नंबर. ती एकेक नंबर वाचत गेली, मी वहीत उतरवत गेलो. दोनशेच्या वर आहेत. तिचा आवाज शाळेतल्यासारखा, हजेरी घेतात तसा एकसुरी. शेवटी न उघडलेली सात-आठ पाकिटं राहिली. माझ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं त्या महिन्यातली, जी मी वाचायच्या आतच चोरी झाली आणि मग आपण सगळंच बंद केलं. त्यांचेही नंबर वाचायला घेतले आणि ती थांबली.

"मामा," ती म्हणाली, "हो तर तांचो नंबर."

तुझा नंबर, निळू. तू माझ्यासमोर बसून जेवायचास, माझ्या बशीत उंडा ठेवायचास, माझ्या डोळ्यांत औषधाचे थेंब घालायचास. आणि त्याच महिन्यात तू तुझं गाऱ्हाणं त्या पेटीत टाकलंस. समक्ष बोलला नाहीस. का? माझ्या रागाला भ्यालास? की मी फक्त पुजारी म्हणून ऐकावं, मामा म्हणून नको, असं वाटलं? मी बरा झाल्यावर तू मला आठवण करून दिली नाहीस, मीही न उघडलेल्यांची चौकशी केली नाही.

पेन ड्राइव्ह माझ्या खिशात होता. "चावी तुमचेकडेन आसा," मनीषा म्हणाली. उघडा असंही म्हणाली नाही, उघडू नका असंही नाही. मी तिला सांगितलं, आपल्याकडे गेलेल्या माणसाच्या नावाने कौल लावत नाहीत, आणि पाकीट उघडायचं ते देवापुढे ठेवण्यापुरतंच. खोटं नाही ते. पण खरं कारणही नाही. खरं कारण म्हणजे मी घाबरलो आहे. त्यात माझी तक्रार असेल, हे घर सोडून जाऊ का असं विचारलं असशील, तर ते मी सोसेन. पण छातीत दुखतं म्हणून विचारलं असशील तर? डॉक्टरकडे जाऊ की थांबू, असं? आणि कौलाची वाट बघत थांबला असशील तर? मनीषालाही तेच सुचलं असावं. तिने लॅपटॉप मिटला, आतून तुझ्या आईने हाक मारली तशी उठून गेली.

सोमवारी देवळाच्या समितीने मला बोलावलं आहे. त्या बाईने कोणाला तरी सांगितलं असणार, आणि तिचा तो हक्कच आहे. पूजा माझ्याकडे राहील न राहील. मी वही घेऊन घरोघरी जाणार, जे बोटीवर आहेत त्यांना फोन करणार आणि एकेकाला सांगणार. घसा सुकेल, लोक दार लावून घेतील. पण सगळ्यांच्या आधी तुझा हक्क, कारण तूही त्यांच्यातलाच एक, आणि तुझ्यापर्यंत पोचायला माझ्याकडे दुसरा रस्ता नाही. म्हणून लिहितोय.

तुझं गाऱ्हाणं माझ्याकडून बाहेर गेलं आहे, निळू. त्याच्याखाली तुझं नाव आहे, घर आहे, आणि जे खरं होतं ते पूर्ण आहे, कारण मीच तसं लिहायला लावलं. आज ते बंद आहे. एक दिवस कोणीतरी ते उघडेल. मला वाचायचा धीर झाला नाही ते तो वाचेल, आणि तू कोण होतास हे त्याला माहीतही नसेल.